विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची? किलो आणि लिटरचा हिशेब समजून घ्या

रांधा (सिल्वासा) : पहिला जोराचा पाऊस पडून गेला की रांध्यासारख्या गावात दोन-तीन दिवसांत विहिरीचं पाणी गढूळ होतं. शेतातलं, गोठ्याजवळचं, वाटेवरचं पाणी उताराने येतं आणि कठडा फुटका असेल तर सरळ विहिरीत उतरतं. मग कुणीतरी ब्लीचिंग पावडरची पिशवी आणतो, दोन मुठी पाण्यात फेकतो, आणि झालं काम. दुसऱ्या दिवशी एक तर पाण्याला इतका वास येतो की बाया हंडे घेऊन नाल्याकडच्या झऱ्यावर जातात, नाहीतर वास अजिबात येत नाही आणि आठवड्याभरात पाड्यावर जुलाब-उलट्या सुरू होतात. झऱ्याच्या पाण्यात तर काहीच टाकलेलं नसतं. म्हणजे पावडर जास्त पडली तरी माणसं शेवटी बिनऔषधाचंच पाणी पितात. दोन्ही वेळा पिशवी तीच असते, चुकतो तो हिशेब.

हिशेब तसा अवघड नाही. गोंधळ होतो तो मापांचा. पावडर मिळते किलोत, विहीर भरते लिटरमध्ये. जंतुनाशकाचं पातळ औषध कॅनमधून येतं, त्यावर वजन किलोत छापलेलं असतं आणि वापरायला सांगतात मिलिलिटरमध्ये. किलोवरून लिटरवर जायचं तर मध्ये दोन आकडे लागतात. एक, त्या द्रवाची घनता. दुसरा, त्यात खरं काम करणारा पदार्थ किती टक्के आहे तो. हे दोन्ही आकडे बहुतेक वेळा पिशवीवर किंवा कॅनवर छापलेले असतात, फक्त ते कुणी वाचत नाही.

एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो भरतं. त्यामुळे लिटर आणि किलो एकच, असं डोक्यात बसलेलं असतं. पण घरातली एक लिटर खाद्यतेलाची पिशवी उचलून बघावी. तिच्यावर वजन साधारण ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही. दूध उलट किंचित जड, लिटरला साधारण १.०३ किलो.

एक लिटर द्रवाचं किलोतलं वजन म्हणजे त्याची घनता, असं व्यवहारात धरायला हरकत नाही. मग सूत्र एकच राहतं. किलोला घनतेने भागलं की लिटर मिळतात आणि लिटरला घनतेने गुणलं की किलो. भागायचं की गुणायचं हे विसरलं तर तेल आठवावं. पाण्यापेक्षा हलक्या द्रवाचे लिटर किलोपेक्षा जास्त भरतात, जड द्रवाचे कमी.

सिल्वासा परिसरातल्या कारखान्यांत स्टोअर सांभाळणाऱ्यांना हे रोजचंच आहे. टँकर वजनकाट्यावर किलोत मोजला जातो, टाकीवरची पट्टी मात्र लिटर दाखवते. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडची घनता १.८४. म्हणजे दहा टन ॲसिड टाकीत उतरलं तर ते साधारण ५,४३५ लिटर भरतं. मिठाचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, तीव्र असेल तर घनता १.१६ च्या आसपास, तेव्हा तेवढंच वजन ८,६२० लिटर जागा घेतं. कॉस्टिकची लाय, साधारण ५० टक्क्यांची, १.५ च्या आसपास, म्हणजे ६,६६७ लिटर. वजन एक, जागा तीन प्रकारची. नवीन कामगाराने दोनशे लिटरचं पिंप दोनशे किलोचं समजून उचलायला दोघांनाच बोलावलं तर काय होईल ते सांगायला नको. तेच पिंप सल्फ्युरिकने भरलेलं असेल तर आतला मालच ३६८ किलो असतो.

बारावी सायन्सच्या मुलांना हाच हिशेब मोलमध्ये विचारतात. तिथे एक पायरी वाढते. आधी मोलला रेणुभाराने गुणून ग्रॅम काढायचे आणि मग घनतेने भागून मिलिलिटर. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम, म्हणजे १८ मिलिलिटर, दोन-चार घोट. अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, एक मोल ४६ ग्रॅम आणि घनता ०.७८९, म्हणून तो ५८ मिलिलिटर भरतो. द्रव शुद्ध नसेल तर ग्रॅम काढल्यावर टक्केवारीनेही भागावं लागतं. परीक्षेत मुलं नेमकी ही शेवटची पायरी विसरतात, आणि विहिरीवर मोठी माणसंही तीच विसरतात.

विहिरीत पाणी किती आहे?

पावडर किती हे ठरवण्याआधी पाणी किती ते कळायला हवं. गावात कुणाला विचारलं तर उत्तर येतं, “बक्कळ आहे.” पण मोजायला लागते एक दोरी, एक दगड आणि एक टेप.

गोल विहिरीच्या एका आतल्या काठापासून समोरच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर मोजायचं. ते मधोमध, सगळ्यात रुंद जागी घ्यायचं. हा व्यास. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर ओढून दोरीचा भिजलेला भाग मोजायचा. ही पाण्याची खोली. विहिरीची खोली नव्हे, पाण्याची. दोन्ही मापं मीटरमध्ये घ्यावीत. व्यासाला व्यासाने गुणायचं, त्याला खोलीने गुणायचं, आणि आलेल्या आकड्याला ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येतं. ७८५ हा आकडा ३.१४ भागिले ४ गुणिले १,००० यातून आला आहे. सरकारी पुस्तिकांत सूत्र असंच लांबलचक लिहिलेलं असतं आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

समजा पाड्यावरच्या विहिरीचा व्यास ३ मीटर आहे आणि पाणी ४ मीटर. तीन त्रिक नऊ, नऊ चोक छत्तीस, छत्तीस गुणिले ७८५ म्हणजे २८,२६० लिटर. गवंडी फुटात मोजत असेल तर ७८५ ऐवजी २२ ने गुणावं. १० फूट व्यास आणि १२ फूट पाणी असेल तर १० गुणिले १० गुणिले १२ गुणिले २२, म्हणजे २६,४०० लिटर. अगदी काटेकोर नाही, पण विहिरीला चालतं.

इथे दोन चुका नेहमी होतात. कुणी व्यासाऐवजी त्याची निम्मी त्रिज्या घेतो आणि पुढे ७८५ नेच गुणतो, की पाणी खऱ्याच्या चौथ्या हिश्शाचं निघतं आणि पावडरही तेवढीच कमी पडते. दुसरी चूक कठड्याची. बाहेरून बाहेर मोजलं आणि कठडा एक-एक फूट जाड असला, तर ३ मीटरची विहीर ३.६ मीटरची होते. फरक साठ सेंटीमीटरचा दिसतो, पण व्यासाला व्यासाने गुणत असल्याने पाणी ४४ टक्के जास्त निघतं. वासाच्या तक्रारी कधीकधी इथूनच सुरू होतात.

आणि हा हिशेब एकदा करून वर्षभर चालवता येत नाही. तीच ३ मीटरची विहीर मे महिन्यात मीटरभर पाण्यावर आली तर तिच्यात ७,०६५ लिटरच असतात. श्रावणात पाणी साडेसहा मीटरवर चढलं की ४५,९०० लिटर. उन्हाळ्यात बसवलेलं प्रमाण पावसाळ्यात तसंच ठेवलं तर औषध सहा-साडेसहा पटीने कमी पडतं, आणि तेही नेमकं गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा.

चौकोनी टाकीला हा व्याप नको. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये गुणायची आणि हजाराने गुणायचं. बोअरला मात्र सूत्र विहिरीचंच. सहा इंची, म्हणजे पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या बोअरमध्ये साठ मीटर पाणी उभं असलं तरी ते जेमतेम १,०६० लिटर भरतं. खोली ऐकून माणूस फसतो.

पावडर किती ग्रॅम?

ब्लीचिंग पावडरला महाराष्ट्राच्या बाजूला टीसीएल म्हणतात. चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये ग्लासगोत तिचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करण्यासाठी. पाण्यासाठी तिचा उपयोग बऱ्याच नंतर सुरू झाला. चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनते. जंतू मारण्याचं काम त्यातल्या क्लोरीनचं, चुना फक्त वाहून आणणारा हमाल. ताज्या, चांगल्या पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. म्हणजे १०० ग्रॅम पावडर टाकली तरी कामाचा माल ३३ ग्रॅमच.

आरोग्य खात्याचं ठोकळ प्रमाण असं आहे की चांगली पावडर दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. अडीच ग्रॅमच्या ३३ टक्के म्हणजे सुमारे ०.८ ग्रॅम क्लोरीन. हजार लिटरमध्ये ते विरघळलं की प्रत्येक लिटरला ०.८ मिलिग्रॅम आलं. हे कमी वाटतं, पण स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला पुरतं. आपल्या २८,२६० लिटरच्या विहिरीला अडीचच्या हिशेबाने ७१ ग्रॅम लागतील. उन्हाळ्यातल्या मीटरभर पाण्याला १८ ग्रॅम आणि श्रावणातल्या साडेसहा मीटरला ११५ ग्रॅम.

आता टक्केवारीचा प्रश्न. पावडरची पिशवी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं, की क्लोरीन उडत जातो. पावडर दिसायला तशीच पांढरी राहते, वजनही फारसं बदलत नाही, आणि तिथेच घात होतो. ३३ ची २५ टक्के झालेली पावडर असेल तर ७१ ला ३३ ने गुणून २५ ने भागायचं. साधारण ९४ ग्रॅम येतात. २० टक्क्यांवर उतरलेली असेल तर ११७. त्याहून खाली गेलेल्या पावडरीवर पाणी शुद्ध करण्यासाठी भरवसा ठेवू नये. ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या पावडरचे नमुने प्रयोगशाळेत तपासता येतात. तिथे टक्केवारी मिळते, आणि तो कागद फाइलला लावण्याऐवजी पिशवी ठेवलेल्या कपाटावर चिकटवला तर जास्त उपयोग होईल.

कपाट म्हणजे कोरडं, अंधारं आणि थंड. पावडर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवावी, लोखंडी डब्यात नको, तो गंजतो. ओला चमचा आत घालू नये. खतं, रॉकेल किंवा ॲसिडच्या बाटल्या शेजारी नकोत. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. सफाई चांगली व्हावी म्हणून दोन्ही एकदम ओतणारी माणसं आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहावं लागतं.

काटा नसेल तर? चमच्यावर भरवसा ठेवू नये. पावडर सैल भरली, दाबून भरली, गोळे झाले, प्रत्येक वेळी चमच्याचं वजन वेगळं. सोपा उपाय म्हणजे गावातल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदाच ५० ग्रॅम पावडर तोलून घ्यायची, ती प्लॅस्टिकच्या पेल्यात सपाट करायची आणि तिथे रेघ मारायची. पुढच्या वेळी तो पेलाच माप. पावडर आधी कागदात बांधून मगच काट्यावर ठेवावी, नाहीतर दुकानदार पुन्हा काटा देणार नाही.

टाकायची कशी

कोरडी पावडर मुठीने फेकली तर निम्मी तळाशी जाऊन बसते. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर घ्यायची, एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोड्या पाण्यात आधी पिठल्यासारखी गुठळ्या मोडून कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं आणि पाच ते दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. खाली बसतो तो चुना, वर राहतं ते क्लोरीनचं पाणी. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून घ्यायचं. चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं आणि डाळ शिजत नाही अशी तक्रार येते.

ती दुसरी बादली दोरीने पाण्याखाली सोडायची, वर-खाली आणि आडवी हिसके देत फिरवायची, म्हणजे औषध सगळीकडे मिसळतं. त्यानंतर किमान एक तास कुणी पाणी भरायचं नाही. म्हणून हे काम रात्री, शेवटचा हंडा भरून झाल्यावर करणं सोयीचं. पहाटे पाणी तयार असतं आणि कुणाला थांबावं लागत नाही.

पाणी गढूळ असेल तर अडीच ग्रॅमचं प्रमाण कामाचं नाही. माती, पालापाचोळा आणि शेण आधी क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंना उरत नाही. अशा वेळी किती टाकायचं ते अंदाजाने ठरवू नये.

अंदाज नको असेल तर पेटी

यासाठी एक जुनी पेटी आहे, हॉरॉक्सची. विल्यम हॉरॉक्स हे ब्रिटिश लष्करातले डॉक्टर. छावणीत सैनिकांना कुठल्याही विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी प्यावं लागे, त्यासाठी ही युक्ती निघाली. आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात ती अजूनही शिकवतात. पेटीत २०० मिलिलिटरचे सहा पांढरे पेले असतात, एक काळा पेला, दोन ग्रॅम पावडर सपाट मावेल असा चमचा, काचेच्या कांड्या, थेंब टाकायची नळी आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण.

काळ्या पेल्यात एक चमचा पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी घालतात आणि निवळू देतात. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी. पहिल्या पेल्यात निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पेल्यात क्लोरीन उरला असेल तो निळा होतो. पहिला स्पष्ट निळा पेला तिसरा असेल तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर लागते.

४५५ हा विचित्र आकडा कुठून आला असा प्रश्न पडेल. ते जुने शंभर इंग्रजी गॅलन आहेत. माप मेट्रिक झालं, पेटी तीच राहिली. आपल्या विहिरीचे २८,२६० लिटर भागिले ४५५ म्हणजे ६२, गुणिले सहा ग्रॅम म्हणजे ३७२ ग्रॅम. ठोकळ हिशेबात ७१ ग्रॅम आले होते. पेटीत तिसरा पेला निळा झाला तर त्याच विहिरीला पाचपट लागतात. पाणी किती घाण आहे, पावडर किती जुनी आहे, दोन्ही गोष्टी या एका चाचणीत आपोआप धरल्या जातात. गढूळ विहिरीला मूठभर पावडर टाकूनही साथ का येते त्याचं उत्तर इथे आहे.

पातळ औषध असेल तर

बऱ्याच ठिकाणी पावडरीऐवजी सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वापरतात. कोरोनाच्या काळात रस्ते आणि इमारती फवारायला आलेलं तेच. कॅनवर ५ टक्के लिहिलेलं असेल आणि ते लिटरमागे मोजलेलं असेल, तर लिटरमध्ये ५० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. २८,२६० लिटरच्या विहिरीला ७१ ग्रॅम पावडरमधून सुमारे २३.३ ग्रॅम क्लोरीन मिळत होता. तो ५० ने भागला की ०.४६६ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर त्याच्या निम्मं, २३३ मिलिलिटर.

पण कॅन किलोत विकत घेतला असेल आणि टक्केवारी वजनावर असेल तर घनता पुन्हा मध्ये येते. ५० किलोचा कॅन आणि घनता १.२ छापलेली असेल, तर आत ५० लिटर नसतात, ४१.७ लिटर असतात. आणि त्याच्या एका लिटरचं वजन १,२०० ग्रॅम असल्याने १० टक्के म्हणजे १२० ग्रॅम, १०० नव्हे. वहीत ५० लिटर आले म्हणून नोंद केली की महिनाअखेरीस आठ लिटर कुठे गेले म्हणून पंपावरच्या माणसाला विचारणा होते. तो बिचारा चोर नसतो, आकडा चुकलेला असतो.

हायपोही पावडरीसारखाच उन्हात मरतो. कॅनवरची तारीख बघावी. कापडाच्या आणि सफाईच्या कामासाठी आलेला हायपो पिण्याच्या पाण्यात घालू नये, कॅनवर पाणी शुद्धीकरणासाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरावा. रसायनांचे रिकामे कॅन भंगारातून आणून पाणी भरायला वापरले जातात, त्यावर कितीही क्लोरीन टाकला तरी उपाय नाही. क्लोरीन जंतू मारतो, रसायन धुऊन काढत नाही.

घरच्या हंड्याला

विहिरीवर कुणी औषध टाकत नसेल तर घरी भरलेल्या पाण्यालाच टाकता येतं. ३३ टक्क्यांची ३० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवून निवळी काढली की साधारण एक टक्क्याचं द्रावण मिळतं, म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन. साठवणीच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम आणि गढूळ पाण्याला ४ मिलिग्रॅम हे वापरातलं प्रमाण आहे. वीस लिटरच्या पिंपाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे चार मिलिलिटर. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या पाच मिलिलिटरच्या टोपणात एक मिलिलिटरची रेघ असते, ती वापरावी. गढूळ पाणी आधी फडक्याच्या चार पदरांतून गाळून घ्यावं. विहिरीपेक्षा हे प्रमाण जास्त असतं, कारण घरचं पाणी दिवसभर राहतं आणि त्यात हात, ग्लास, लोटा जात राहतात. ही निवळी बाटलीत भरली तर तिच्यावर चिठ्ठी हवीच. पाण्यासारखी दिसते आणि लहान पोरं बाटली दिसली की तोंडाला लावतात.

गोळ्या मिळत असतील तर हिशेबाची कटकट वाचते. नागपूरच्या नीरी संस्थेने तयार केलेली अर्ध्या ग्रॅमची क्लोरीन गोळी वीस लिटर पाण्याला पुरते, तर हॅलाझोनची चार मिलिग्रॅमची गोळी एका लिटरला. दोन्ही गोळ्याच, पण एकीच्या जागी दुसरी वापरली तर प्रमाण पार बदलतं. गोळी किती लिटरची ते पाकिटावर वाचावं आणि आपला हंडा किती लिटरचा ते एकदा बाटलीने भरून मोजावं. पंधरा लिटरचा हंडा म्हणून घेतलेला अकराचा निघतो, हा अनुभव घरोघरी आहे.

शेवटी तपासायचं काय

कितीही हिशेब केला तरी पाण्यात क्लोरीन उरला की नाही हे नळीतच कळतं. ओटी टेस्टच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. मुक्त क्लोरीन असेल तर लगेच पिवळा रंग येतो. दहा सेकंदांच्या आत रंग तक्त्याशी जुळवायचा, उशीर केला तर दुसऱ्या प्रकारचा क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. ओटीचं औषध हाताला लागू देऊ नये आणि तपासलेलं पाणी हंड्यात परत ओतू नये, ते औषध विषारी आहे. विहिरीत तासाभरानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, किमान ०.२ मिलिग्रॅम धरला आहे आणि विषाणूंपासून बचाव हवा असेल तर किमान ०.५. पावसाळ्यात कावीळ पसरते ती विषाणूनेच, तेव्हा ०.५ खाली समाधान मानू नये. दुसरा पर्यायच नसेल तर मानक १ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं.

रंग आलाच नाही तर पुन्हा तेवढीच पावडर टाकून तासाभराने पुन्हा तपासायचं. दुसऱ्यांदाही नळी पांढरीच राहिली तर एक तर पावडर मेलेली आहे, नाहीतर विहिरीत कुठून तरी सतत घाण येते आहे. पहिली शंका नवी पिशवी फोडून मिटते. दुसरीसाठी कठड्याभोवती फिरून बघावं लागतं. फुटका सिमेंटचा ओटा, गुरं धुण्याची जागा, वरच्या अंगाला खणलेला शोषखड्डा. तोवर पाणी उकळून प्यावं आणि आरोग्य उपकेंद्राला कळवून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

विहिरीचा आतला व्यास बदलत नाही, म्हणून तो ऑइलपेंटने कठड्यावर लिहून ठेवला की दर वेळी फक्त दोरी सोडायची. शेजारीच एक मीटर पाण्याला किती ग्रॅम हेही लिहावं. ३ मीटरच्या विहिरीला ते १८ येतात, म्हणजे दोरी पाच मीटर भिजली तर ९०. वहीत पाच रकाने पुरतात : तारीख, पाण्याची खोली, पावडरचे ग्रॅम, पिशवीवरची टक्केवारी आणि ओटीचा आकडा.